बक्षिसाची परंपरा : रमण्यापासून हेंद्रेपाड्यापर्यंत

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत काही पाने विद्यार्थ्यांच्या गुणगौरवासाठी राखून ठेवलेली असतात. शालांत परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींची नावे, वार्षिक संमेलनात त्यांना दिलेली पारितोषिके आणि त्या पारितोषिकांसाठी देणगी देणाऱ्या ज्ञातिबांधवांचा नामनिर्देश, असा हा परिपाठ आहे. तो स्तुत्य आहे यात संशय नाही. तथापि कोणताही परिपाठ अंगवळणी पडला म्हणजे त्याच्या मूळ हेतूची विचारपूस करण्याचे राहून जाते. बक्षीस कशासाठी द्यावे, ते कोणास द्यावे, आणि बक्षिसापर्यंत जाणारी वाट कोणासाठी मोकळी असते, हे प्रश्न आपल्या महाराष्ट्रात फार जुने आहेत. निरनिराळ्या पिढ्यांनी त्यांची निरनिराळी उत्तरे दिली. प्रत्येक उत्तराने काही मुलांच्या आयुष्याचे सोने झाले, आणि काही मुले दाराबाहेरच उभी राहिली. त्या उत्तरांचा धावता इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, आणि हेंद्रेपाड्यात आज वाढत असलेल्या मुलांच्या संदर्भात त्यापासून काय बोध घ्यावा हे सुचवावे, एवढाच आमचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विद्येस जाहीर बक्षीस देण्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध जुनी रीत म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. त्यांतील जे खरे व्युत्पन्न असत त्यांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणे त्यांस अधिक रक्कम मिळे. परीक्षा, योग्यतेचा निवाडा आणि सन्मान ही स्पर्धेची तिन्ही अंगे या प्रथेत होती. परंतु परीक्षेस बसण्याची पात्रता जन्मानेच ठरलेली होती, आणि विद्या म्हणजे शास्त्रे एवढाच तिचा अर्थ होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. तिचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पात्र बदलले, पण पाणी त्याच विहिरीचे राहिले.

इकडे मुंबईत निराळा वारा वाहू लागला होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक व विद्यार्थी यांनी मिळून एक साहित्य व विज्ञान मंडळी स्थापन केली. उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा ही तिची मराठी शाखा. दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष होते. या सभेत तरुण विद्यार्थी स्वतः निबंध लिहून आणीत, ते सर्वांसमक्ष वाचीत, आणि त्यांवर चर्चा होई. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकाने अशा लेखनास छापील पानही मिळवून दिले. क्रमिक पुस्तकाबाहेर जाऊन मुलाने काही स्वतः रचावे आणि चारचौघांसमोर मांडावे, ही कल्पना आज आपणांस सामान्य वाटते. त्या काळी ती अगदी नवी होती. याच सुमारास गोव्यातील पेडणे महालातल्या मांजरे गावी जन्मलेल्या भाऊ दाजी लाड यांनी कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येवर निबंध लिहून ६०० रुपयांचे पारितोषिक मिळविले. बक्षिसाचा विषय श्लोकाच्या अर्थावरून समाजातील दुःखावर आला, हा फरक लहान नव्हे.

पुण्यातही तरुण मंडळी स्वस्थ नव्हती. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने सरकारकडे असा अर्ज गेला की, दक्षिणेतील काही रक्कम मराठीतील उपयुक्त ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावी. जुन्या पक्षाचा मोठा क्षोभ झाला. त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे असलेले जोतीराव फुले आपल्या सवंगड्यांसह अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. परिणामी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. आता पारितोषिक पाठांतरास नव्हे तर नवीन ग्रंथरचनेस मिळावयाचे होते. कागदावर तरी दार उघडले होते.

ते खरोखर किती उघडले होते, हे १८५५ या एकाच वर्षातील दोन गोष्टींवरून कळते. त्या वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. शूद्र कुटुंबाचे अज्ञान आणि त्याचा घेतला जाणारा गैरफायदा हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. ज्या दक्षिणेचा प्रवाह मराठीकडे वळविण्यासाठी ते उभे राहिले होते, त्या दक्षिणेच्या दारातून त्यांचेच पुस्तक परत आले. परीक्षकांच्या आसनावर कोण बसले आहे, यावर स्पर्धेचा निकाल कसा अवलंबून असतो, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट त्याच वर्षाच्या आरंभीची. जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही सुमारे चौदा वर्षांची मांग समाजातील मुलगी. तिने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला, आणि अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. धर्माचा आधार आम्हांस का नाही, असा रोखठोक प्रश्न तिने विचारला. बाळंतपणी डोक्यावर छप्परही नसणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने मांडले, आणि ज्ञान हेच या दुखण्यावरचे औषध आहे असे आपल्या लोकांस बजावले. येथे स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते, पारितोषिकही नव्हते. होती ती एक शाळा, एक शिक्षक आणि कोणीतरी मोकळे ठेवलेले छापील पान. त्या पानामुळे एका शाळकरी मुलीचे लेखन पावणेदोनशे वर्षांनंतरही वाचले जात आहे. याच शाळेतील मुलीविषयी अशीही एक आठवण सांगितली जाते की, पाहुण्यांनी खाऊ देऊ केला तेव्हा ती म्हणाली, खाऊ नको, आम्हांस वाचनालय द्या. ही आठवण सांगोवांगीची असली तरी ती इतकी वर्षे टिकून राहिली, याचे कारण तिच्यातील मागणी खरी आहे हेच होय.

बक्षीस आणि शिष्यवृत्ती यांच्या न्याय्यतेचा मुळापासून विचार जोतीरावांनी पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढील निवेदनात केला. शिष्यवृत्त्या चढाओढीने देण्याची पद्धत तत्त्वतः समान दिसते, परंतु तिच्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या असाव्यात, असा त्यांचा आशय होता. शर्यत एकाच रेषेवरून सुरू होते हे दाखविणे सोपे असते. त्या रेषेपर्यंत कोण किती चालून आले आहे, हे पंचाच्या वहीत लिहिलेले नसते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेला हा विचार स्पर्धा भरविणाऱ्या प्रत्येकाने, आणि म्हणून आपल्या संस्थेनेही, डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.

याच काळात मॅट्रिकच्या परीक्षेस विलक्षण प्रतिष्ठा प्राप्त झाली होती. १८६५ मध्ये निधन पावलेल्या नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ या परीक्षेत संस्कृत विषयात अग्रक्रम मिळविणारासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवण्यात आली, आणि तिचा मान मराठी घराघरांत बोलला जाऊ लागला. रोहे-तळे भागात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला क्रमांक पटकावला आणि ही शिष्यवृत्तीही मिळविली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. कोकणातील खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलास एक पारितोषिक किती दूर नेऊ शकते, याचा हा दाखला अभिमानास्पद आहे.

पण त्याच मुंबईत, त्याच एल्फिन्स्टन हायस्कुलात, त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्यास संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्यास शिकू दिले गेले नाही, आणि नाइलाजाने त्याने फारसी घेतली. संस्कृतातील पारितोषिकाच्या नियमांत त्याच्या जातीस मनाई लिहिलेली नसेलही. वर्गातच दार लागले असता नियमांत मनाई लिहिण्याची गरज उरत नाही. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते, आणि चर्नीरोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलास आधीपासून ओळखणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर तेथे उपस्थित होते. केळुसकरगुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. बोले भंडारी समाजातील, केळुसकर मराठा; सत्कार महार समाजातील मुलाचा. गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षणाची अडचण दिसताच त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

या प्रसंगाकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण महाराष्ट्रातील सर्व गुणगौरव समारंभांत याच्याइतका फलदायी समारंभ क्वचितच झाला असेल. त्यात तीन गोष्टी होत्या. गौरव करणाऱ्यांनी मुलाची जात आपली की परकी हे पाहिले नाही. दिलेली वस्तू घरातील फळीवर ठेवण्याची नव्हती, वाचण्याची होती. आणि समारंभ संपल्यावरही देणाऱ्याची जबाबदारी संपली नाही.

आता ज्ञातिसंस्थांकडे येऊ. मागासलेल्या समाजांनी आपापल्या मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र यावे, या विचारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी भरभक्कम आधार दिला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढील वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज व इतर अनेक यांच्यासाठी वसतिगृहे उभी राहिली. ज्या मुलास शहरात कोणी पाणी देण्यासही तयार नव्हते, त्यास आपल्या माणसांचे छप्पर मिळाले. १९१७ मध्ये महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. म्हणजे ज्ञातीचे वसतिगृह ही त्यांच्या दृष्टीने पायरी होती. त्याच कोल्हापुरात घडलेले भाऊराव पाटील यांनी पुढची पायरी चढली. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. तेथे मुले एकत्र राबत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या शाहू महाराजांनी ज्ञातीज्ञातींची वसतिगृहे काढली, त्यांचेच नाव सर्व ज्ञातींच्या वसतिगृहास मिळाले, यात विसंगती नाही. बीज आणि फळ यांचा जो संबंध असतो, तोच येथे आहे. आपली ज्ञातिसंस्था या परंपरेतील आहे. या परंपरेत आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे आपले आपणच ठरवावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर मुलांच्या कलागुणांकडे देशाचे लक्ष अधिक आस्थेने वळले. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये दिल्लीत मुलांची चित्रकला व लेखनाची स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी ती जगातील सर्व देशांच्या मुलांना खुली झाली. महाराष्ट्रात १९५४-५५ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांतील मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा होऊ लागल्या. त्यांच्या इयत्ता पुढे बदलल्या, पण गावोगावच्या शाळेत ‘स्कॉलरशिपचा वर्ग’ ही गोष्ट रुजली. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि मराठी बालनाट्यास स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. ज्या चर्नीरोडवर केळुसकरगुरुजींना भीमराव भेटला होता, तेथेच पुढे जवाहर बालभवन उभे राहिले, आणि चित्र, संगीत, हस्तकला यांसाठी मुंबईच्या मुलांना हक्काची जागा मिळाली.

विज्ञानाचीही कथा अशीच आहे. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा प्रारंभी केवळ इंग्रजीतून होत असे. १९७६ मध्ये तिचे स्वरूप पालटले, विज्ञानाखेरीज इतर विषयांचा समावेश झाला, आणि राज्यघटनेने मान्य केलेल्या भारतीय भाषांतून ती देण्याची मुभा मिळाली. मधल्या तेरा वर्षांत मराठी शाळेतील किती बुद्धिमान मुले केवळ भाषेमुळे बाहेर राहिली असतील, याची गणती कोणी केलेली नाही. ही परीक्षा २०२१ मध्ये स्थगित झाली. दरम्यान मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी व नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मुलाखत व प्रकल्प असे टप्पे असतात, आणि ती मराठीतूनही देता येते. १९९३ पासून देशभर भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने तर स्पर्धेचा रोखच बदलला. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, त्याचा अभ्यास करावा आणि आपल्या भाषेत तो मांडावा, अशी तिची योजना. गरीब कुटुंबांतील आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती सुरू केली. सुरुवातीस वर्षास ६,००० रुपये असलेली ही रक्कम पुढे १२,००० रुपये झाली. येथे गुणांबरोबर घरची परिस्थितीही विचारात घेतली जाते. जोतीरावांच्या १८८२ च्या निवेदनातील विचार अशा रीतीने शासनाच्या नियमांत उतरला.

या सर्वांत आमच्या मते सर्वांत शहाणी योजना चित्रकलेच्या श्रेणी परीक्षांची आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन परीक्षा मराठी घरांत परिचयाच्या आहेत. सर जे. जे. कलाशाळेच्या परंपरेत त्या वाढल्या, आणि १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाल्यावर त्याच्या देखरेखीखाली आल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय. यांत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक महत्त्वाचे नसतात. ठरलेल्या दर्जास जो पोहोचेल त्या प्रत्येकास त्याची श्रेणी मिळते. एका मुलाच्या यशासाठी दुसऱ्याने हरावे लागत नाही. शेजारच्या बाकावरील मुलगा आपला वैरी नाही, कागद आणि पेन्सिल यांच्याशीच आपली झुंज आहे, हे या परीक्षांनी पिढ्यान्पिढ्या मुलांना शिकविले. चढाओढीस आमचा विरोध नाही. परंतु ज्या चढाओढीत तीन मुले हसत घरी जातात आणि सत्तर मुले ‘मला येत नाही’ असे मनाशी धरून परततात, तिचा जमाखर्च कधीतरी मांडला पाहिजे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. हेंद्रेपाडा हा बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेकडील भाग. पाडा हे नावच त्याची मूळची ओळख सांगते. ठाणे जिल्ह्यात पाडा म्हणजे गावाबाहेरची लहान वस्ती. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीच्या दिशेने आगगाडी धावू लागली, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील ही गावे मुंबईस जोडली गेली. पुढे अंबरनाथला कारखाने आले, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उल्हासनगर वसले, आणि मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसतसे दूरदूरचे लोक बदलापुरात राहावयास आले. आज हेंद्रेपाड्यात भातशेतीच्या जागी इमारती आहेत. जुन्या रहिवाशांची मुले आणि घाटावरून, कोकणातून, परप्रांतांतून आलेल्यांची मुले एकाच वर्गात बसतात, एकाच मैदानात खेळतात.

या परिसरास एक थोर लेखक लाभला होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. न्यायखात्यातील नोकरीनंतर बदलापुरात राहिलेले नारायण गोविंद चापेकर यांनी १९३३ मध्ये ‘बदलापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील जाती, धंदे, शेती, खाणेपिणे, चालीरीती यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. एका सामान्य गावाचा असा सर्वांगीण अभ्यास मराठीत तोवर दुर्मीळ होता. १९३४ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. १९६८ मध्ये, नव्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. राजवाड्यांचा आणि लढायांचाच इतिहास लिहावा असे नाही, आपल्या दारासमोरचा रस्ताही इतिहासाचा विषय होतो, हा त्यांच्या ग्रंथाचा धडा आहे. शाळकरी मुलांसाठी याहून सुंदर निबंधस्पर्धेचा विषय आम्हांस सुचत नाही : आपला पाडा.

पण हेंद्रेपाड्यातील मुलास या सर्व संधी खरोखर किती गवसतात? बालभवन चर्नीरोडला आहे. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे ६८ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये मोठ्या माणसाला पाय ठेवण्यास जागा नसते. तेथे दहा वर्षांच्या मुलास रंगपेटी घेऊन दादरला गाडी बदलून कोण नेणार? स्पर्धेची सूचना शाळेच्या फळ्यावर लागते, तेव्हा अर्जाची मुदत संपत आलेली असते. प्रवेशफी फार नसते, पण दोन मुलांची फी, जाडा कागद, रंग आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून रोजंदारीच्या घरात विचार करावा लागतो. बालवैज्ञानिकासारख्या स्पर्धांसाठी शिकवण्या निघाल्या आहेत, आणि त्यांची फी देऊ शकणाऱ्याची तयारी साहजिकच अधिक होते. काही खाजगी मंडळींनी तर स्पर्धेचा व्यापारच मांडला आहे. फी भरणाऱ्या प्रत्येकास चकाकते पदक मिळते. मुलाची कला होती तेथेच राहते. दक्षिणेच्या काळी दार जन्माने बंद होते. आज ते अंतराने, पैशाने आणि वेळेवर न मिळालेल्या बातमीने बंद होते. आत गेलेल्यांची नावे छापली जातात, बाहेर राहिलेल्यांची यादी कोणीच करीत नाही.

येथे आपल्या संस्थेचे कर्तव्य सुरू होते असे आम्हांस वाटते. म्हणून पुढील चार सूचना आम्ही सर्वसाधारण सभेच्या विचारार्थ नम्रपणे मांडतो. पहिली : परीक्षेच्या निकालानंतर शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह यांवर होणाऱ्या खर्चाचा निदान अर्धा भाग परीक्षेपूर्वी खर्च व्हावा. श्रेणी परीक्षेची फी, चित्रकलेचा कागद, शिष्यवृत्तीची सरावपुस्तके, आणि मुलांना स्पर्धेच्या ठिकाणी नेऊन आणणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवासखर्च, अशी त्याची वाटणी करता येईल. दुसरी : वर्षातील स्पर्धा व शिष्यवृत्ती परीक्षा, त्यांच्या इयत्ता आणि अर्जांच्या मुदती यांचे एक पत्रक जूनमध्येच छापून परिसरातील शाळांत व घराघरांत पोहोचवावे. या कामास पैसा थोडा लागतो, चिकाटी अधिक लागते. तिसरी : दरवर्षी ‘आपला पाडा’ या विषयावर मुलांकडून निबंध, चित्रे व माहितीसंकलन मागवावे. वडीलधाऱ्यांकडून जुन्या विहिरींची, शेतांची, पुरांची, गाडीच्या प्रवासाची माहिती गोळा करावी, उल्हास नदीच्या पाण्याचे निरीक्षण करावे, आणि आलेले सर्व काम प्रदर्शनात मांडावे. श्रेणी द्यावी, क्रमांक देऊ नये. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची : हे सर्व हेंद्रेपाडा व आसपासच्या प्रत्येक मुलासाठी खुले असावे, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो.

चौथ्या सूचनेवर आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. काही ज्येष्ठ म्हणतील, आपल्या माणसांनी पोटास चिमटा घेऊन उभारलेला हा निधी आहे. आपली मुले अजून पुरती वर आलेली नाहीत. मग तो इतरांवर का खर्चावा? शिवाय सर्वांसाठीच कार्य करावयाचे तर ज्ञातिसंस्था हवी कशास? यातील पहिली शंका रास्त आहे. म्हणून ज्या मुलांची परिस्थिती बिकट आहे त्यांना प्रथम साहाय्य मिळावे, अशी अट घालण्यास आमची मुळीच हरकत नाही. तीत आपल्या ज्ञातीतील गरजू मुले आपोआप येतील. दुसऱ्या शंकेचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. बोले आणि केळुसकर यांनी त्या सभेत आपल्या जातीचा मुलगा शोधला असता, तर त्या दिवशी कोणाचा सत्कार झाला असता, आणि देश कशास मुकला असता? आपली मुले ज्या वर्गात बसतात त्या वर्गातील तीस मुलांस वगळून दोघांच्याच हाती बक्षीस देणे, हे त्या दोघांच्याही हिताचे नाही. जो मुलगा आपल्या बाकावरील मित्राबरोबर चित्र काढावयास बसतो त्याचे चित्र सुधारते. ज्यास कुंपणाच्या आत एकट्याला टाळ्या मिळतात, त्यास बाहेरच्या जगात पहिल्याच पावलास ठेच लागते. आपल्या पूर्वजांनी दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख सोसले आहे. दाराची किल्ली हाती आल्यावर ते दुःख इतरांच्या मुलांना द्यावे, यासाठी त्यांनी ही संस्था काढली नव्हती.

ज्ञातिसंस्थेपाशी शासनाजवळ नसलेली एक गोष्ट आहे : माणसे. कोणत्या घरातील मुलगी भिंतीवर कोळशाने चित्रे काढते, कोणाचा मुलगा बिघडलेला पंखा उघडून बसतो, कोणाची आई फीसाठी संकोचाने तोंड उघडत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते. कोणत्याही कचेरीच्या अर्जात या गोष्टींसाठी रकाना नसतो. केळुसकरगुरुजींनी भीमरावास बागेत वाचताना पाहिले होते, म्हणून ते पुढचे सर्व करू शकले. पाहणारा डोळा हीच पहिली शिष्यवृत्ती होय.

शेवटी या स्मरणिकेविषयी एक विनंती. पुढील अंकात गुणवंतांच्या छायाचित्रांबरोबर निदान चार पाने पाड्यातील मुलांच्या स्वतःच्या लेखनास व चित्रांस द्यावीत. मुलांची भाषा मोठ्यांनी सुधारून गुळगुळीत करू नये. शुद्धलेखन तेवढे तपासावे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’ने आपली थोडी जागा एका चौदा वर्षांच्या मुलीस दिली होती, त्यापेक्षा यात अधिक काही नाही. चार पानांचा छपाईखर्च एका मंडपाच्या कमानीहून कमी येईल. सर्वसाधारण सभेने हा ठराव संमत केल्यास पुढील जूनपासूनच कामास लागता येईल, आणि त्यासाठी लागणाऱ्या श्रमांत आमचा वाटा उचलण्यास आम्ही सिद्ध आहोत.